नोबिलिस की नोबिले?

कुंडीवाली: रोपवाटिकेतून ऑर्किड आणलं, पाटीवर 'डेंड्रोबियम नोबिले'. शेजारच्या बे लीफच्या रोपावर मात्र 'लॉरस नोबिलिस'. अर्थ दोन्हीकडे 'उमदा, खानदानी' असाच ना? मग शेपूट वेगळं का? छापणाऱ्याने घोळ घातलाय?

जुना_वनस्पतीवाला: घोळ नाही, दोन्ही बरोबर. ही शास्त्रीय नावं लॅटिन, आणि तिथे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे चालतं. आपल्याकडे 'चांगला, चांगली, चांगलं' अशी तीन रूपं; नोबिलिसला दोनच. पुल्लिंग-स्त्रीलिंगाला नोबिलिस, नपुंसकलिंगाला नोबिले. डेंड्रोबियम नपुंसकलिंगी, म्हणून नोबिले. सगळ्यात मजेशीर उदाहरण रोमन कॅमोमाइलचं. वनस्पतींना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये त्याला 'अँथेमिस नोबिलिस' म्हटलं. पुढे ते कॅमेमेलम या प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दाच्या गटात) गेलं, ती नपुंसकलिंगी, तर लगेच 'कॅमेमेलम नोबिले'. झाड तेच, शेपूट बदललं!

कुंडीवाली: मग लॉरस पुल्लिंगी का? शेवटी 'उस' आहे म्हणून?

जुना_वनस्पतीवाला: नाही हो, इथेच सगळे फसतात. लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी, शेवट काहीही असो. पिंपळ बघा: फायकस रिलिजिओसा, 'रिलिजिओसस' नव्हे. लॉरसही स्त्रीलिंगीच, पण नोबिलिसचं रूप दोन्हीकडे सारखं असल्यामुळे ते उघडं पडत नाही.

रोमवेडा: अर्थाबद्दल थोडं. मूळ अर्थ 'खानदानी' नाही, 'माहितीतला, नावाजलेला'. ज्या धातूपासून हे आलं तो आणि संस्कृतचा 'ज्ञा' सख्खे भाऊ. रोममध्ये नोबिलेस म्हणजे ज्यांच्या घराण्यात आधी कुणी कॉन्सुल (रोमचा सर्वोच्च निवडून आलेला अधिकारी) होऊन गेलाय ती मंडळी. (हे 'नोबिलेस' अनेकवचन, वरच्या 'नोबिले'शी गल्लत नको.) प्रसिद्ध रोमन वक्ता सिसरो इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सुल झाला, पण घराण्यातला पहिलाच, म्हणून तो 'नोव्हुस होमो', नवा माणूस. बिचाऱ्याला हे आयुष्यभर टोचलं असावं, इतक्यांदा तो स्वतःच्या कर्तबगारीचा पाढा वाचतो.

मसालेदार: जरा अवांतर. बे लीफ म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे हं! आपलं सिनॅमोमम तमाला, दालचिनीच्या गोतातलं. पानावर देठापासून निघून लांबवर जाणाऱ्या तीन ठळक शिरा. लॉरसच्या पानाला मधोमध एकच. पुलावात आपलंच घाला.

कुंडीवाली: आत्ताच डबा उघडून पाहिलं, तीन शिरा आहेत. नोबिलिस बागेतच राहू दे.