मदत हवी आहे: यकृत प्रत्यारोपणानंतर दिरांचा सीडी४ २०० च्या खाली, टॅक्रोलिमस कमी करायचं का?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहिते आहे. अर्धवट माहितीवर उत्तर देणं कुणालाच जमणार नाही, म्हणून सगळं सांगते.

माझे धाकटे दीर, वय ४३. सहा वर्षांपूर्वी एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, दोन्ही एकदमच कळले. यकृत तेव्हाच आकसायला लागलं होतं. आठ महिन्यांपूर्वी मुंबईत प्रत्यारोपण झालं, यकृताचा भाग माझ्या मिस्टरांनी दिला. दोघं भाऊ आता हिंडते-फिरते आहेत. औषधं अशी: शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस (सकाळी नऊ आणि रात्री नऊ) आणि मायकोफेनोलेट, एआरटी (एचआयव्हीची औषधं) केंद्रातून मिळणारी टेनोफोविर-लॅमिव्हुडिन-डोल्यूटेग्रॅविरची एक गोळी, आणि जंतुसंसर्ग रोखणारं को-ट्रायमोक्साझोल.

ऑपरेशनआधी सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) २३० होता, टक्केवारी (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमधला त्यांचा वाटा) २९. तिसऱ्या महिन्यात १४० झाला. मागच्या आठवड्यात १८५, टक्केवारी २७. व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीच्या विषाणूंचं प्रमाण) मात्र 'आढळला नाही' असाच येतो आहे.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "प्रतिकारशक्ती फारच पडली आहे, टॅक्रोलिमस निम्मं करा." मला ते पटत नाही, पण मी काही डॉक्टर नाही. त्यात सासूबाईंना यकृताचं ठाऊक आहे, एचआयव्हीचं नाही. एआरटीच्या डबीत गोळ्या खुळखुळतात म्हणून वर कापसाचा बोळा ठेवते आणि डबी शेवेच्या डब्यामागे लपवते. "पोराला ताकद यायला हवी" म्हणून त्यांनी गुळवेल आणवली आहे. आत्ता लिहितानाही ओट्यावरच्या पातेल्यात कांड्या भिजताना दिसताहेत, आणि नको म्हणायला माझ्याकडे सांगता येईल असं कारण नाही.

हा आकडा एचआयव्हीमुळे पडला की प्रत्यारोपणाच्या औषधांमुळे, हे कसं ओळखायचं? आणि गुळवेल चालेल का? रात्री झोप येत नाही हो.

प्रतिसाद १

ताई, आधी तातडीचं: टॅक्रोलिमसला हात लावू नका आणि काढा थांबवा. गुळवेलीमुळे यकृताला सूज आलेल्या रुग्णांबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं होतं. शिवाय प्रतिकारशक्ती चेतवणारं काहीही नव्या यकृताला नकोच आहे, आपण ती मुद्दाम दाबून ठेवतो आहोत. सासूबाईंना एवढंच सांगा की यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेलीला सक्त मनाई केली आहे. एचआयव्हीचं नाव काढायची गरजच नाही.

आता आकडा. व्हायरल लोड आढळत नाही, म्हणजे एआरटी नीट चालली आहे. टक्केवारी २९ वरून २७, म्हणजे जवळपास तीच. नुसती संख्या घसरते आणि टक्केवारी टिकते तेव्हा एकूण लिम्फोसाइटच कमी झालेले असतात. यकृत खराब असताना प्लीहा मोठी होते आणि पेशी अडकवून ठेवते, म्हणून ऑपरेशनआधीचा २३० सुद्धा कमीच दिसत असणार. नंतर सुरुवातीची जोरदार औषधं आणि मायकोफेनोलेट यांनी तो आणखी खाली जातो. हळूहळू चढतो, तुमच्या दिरांचाही १४० वरून १८५ झालाच आहे की.

मी शाळेत शिकवते, म्हणून असं सांगते: सीडी४ हा हजेरीपट आहे. वर्गात किती मुलं आहेत ते कळतं, अभ्यास चालू आहे का ते कळत नाही. टॅक्रोलिमस मुलांना वर्गाबाहेर काढत नाही, त्यांना गप्प बसवतं. म्हणून आकडा चांगला आला तरी जंतुसंसर्गाची काळजी सुटत नाही. २०० च्या खाली असताना को-ट्रायमोक्साझोल अजिबात चुकवू नका, न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया त्यानेच रोखला जातो.

माझ्या मावसभावाची किडनी बदलली तेव्हा त्याच्या एआरटीत रिटोनाविर होतं. त्याने टॅक्रोलिमस रक्तात इतकं साचायचं की आठवड्यातून एकदाच द्यावं लागायचं. डोल्यूटेग्रॅविरमध्ये तो त्रास नाही. पण कुणी क्षयाचं रिफॅम्पिसिन सुरू करू लागलं तर आधी मुंबईला फोन करा, त्याने टॅक्रोलिमस आणि डोल्यूटेग्रॅविर दोन्ही रक्तात उतरतात. आणि टेनोफोविर-लॅमिव्हुडिन कधीही परस्पर बंद होऊ देऊ नका, हिपॅटायटिस बीवर तेच पहारा देतंय.

धागाकर्ती

वाचून डोळे भरून आले. पातेलं रिकामं केलं. सासूबाई थोड्या रुसल्या, मग म्हणाल्या, "डॉक्टर नको म्हणाले तर नको." सकाळी मुंबईच्या कोऑर्डिनेटर बाईंशी बोलले. त्याही हेच म्हणाल्या, डोस बदलायचा नाही. मंगळवारी सकाळी नऊची गोळी घ्यायच्या आधी टॅक्रोलिमसची पातळी तपासायला सांगितली आहे, सोबत क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि यकृताच्या तपासण्या.

आता लॅबचीच धास्ती आहे. मागच्या वेळी एका ठिकाणी काउंटरवरून सगळ्यांसमोर "एचआयव्हीचं सॅम्पल कुणाचं?" असं ओरडून विचारलं. भाऊजी पैसे न देताच बाहेर आले आणि रिक्षात बसून राहिले. दोन दिवस जेवले नाहीत नीट.

प्रतिसाद २

हे कायद्याने चालत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही असा उघड करता येत नाही. १०९७ वर फोन करून विचारा, राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची मोफत हेल्पलाइन आहे. या वेळी घरी येऊन रक्त नेणारी लॅब बघा, चिठ्ठीवर तपासण्यांचीच नावं लिहून घ्या. टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी एचआयव्हीचा उल्लेख लागतच नाही.

धागाकर्ती

हे सुचलंच नव्हतं. घरी येणारा मुलगा ठरवला, मंगळवारी साडेआठला येईल. सासूबाई तेव्हा देवळात असतात. रिपोर्ट आला की इथेच टाकते. तोवर एक सांगा, फ्लू आणि न्यूमोनियाची लस आता घेता येईल का? मुंबईला विचारायचं राहूनच गेलं.

प्रतिसाद १

दोन्ही घेता येतात, जिवंत जंतूंच्या लसी तेवढ्या नकोत. तारीख मुंबईच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. आणि तुमच्या मिस्टरांनाही फ्लूची घेऊ द्या, तुम्हीसुद्धा घ्या. एकाच घरात राहता ना.