तीन महिने कोणाच्या कॅलेंडरचे?

पाऊलवाट (धागालेखिका)
चुलतबहिणीची गोष्ट आहे, तिला विचारूनच लिहितेय. वय १९. प्रोजेक्टच्या चौघांत एक मुलगा होता. लॅबमध्ये खुर्ची सरकवून चिकटून बसायचा, माउसवरच्या तिच्या हातावर हात ठेवायचा, रात्री एक वाजता ‘जागी आहेस?’ असा मेसेज. ऑगस्टअखेर त्याने तिला जिन्यात अडवून कमरेला हात घातला. ती गप्प बसली, कारण प्रोजेक्ट सगळा त्याच्या लॅपटॉपवर आणि व्हायवा डिसेंबरात. टर्मवर्कचे मार्क पडल्यावर बोलली. जानेवारीत कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती) अर्ज दिला, तर दीड ओळीचं उत्तर: घटनेस तीन महिने उलटल्याने अर्ज विचारात घेता येत नाही.

सेमिस्टर सहा महिन्यांचं, मुदत तीनची. विद्यार्थ्यांसाठी ती कॉलेज संपेपर्यंत हवी, असं माझं मत आहे. पोलिसात जा म्हणाल, तर तिथे लैंगिक छळाच्या कलमाला तीन वर्षांची मुदत आहे. मग कॉलेजलाच एवढी घाई कसली?

रोखठोक
सहानुभूती आहे, सहमती नाही. माझ्या भाच्याविरुद्ध दोन वर्षांपूर्वीच्या गॅदरिंगवरून अर्ज आला. त्या रात्री बॅकस्टेजला कोण कुठे उभं होतं हे कोणाला आठवणार? मुदत होती म्हणून पोरगा सुटला. मुदत काढलीत तर ब्रेकअप झालं की अर्ज, असं होईल.

अर्धविराम
@रोखठोक, सुटला म्हणजे नक्की काय झालं? चौकशी झालीच नाही, म्हणजे तो निर्दोषही ठरला नाही. कँटीनमध्ये त्याच्याकडे बघून कुजबुज होतच असेल.

रोखठोक
होते. पण ती परवडली.

खडूफळा
मी प्राध्यापिका. सहा वर्षं अशा समितीवर होते, त्यामुळे दुसरी बाजू मांडते. सीसीटीव्हीचं फुटेज काही आठवड्यांत पुसलं जातं. शेवटच्या वर्षाचे साक्षीदार पास होऊन जातात, मग फोन उचलत नाहीत. एका प्रकरणात मुलगी खरं बोलत होती याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, पण अर्ज उशिरा आल्यामुळे हाती काही लागलं नाही आणि अहवालात ‘आरोप सिद्ध होत नाही’ असं मलाच लिहावं लागलं. मुदत वाढवली तर असे अहवाल वाढतील. मुलींना लवकर बोलतं करणं हा खरा उपाय, मग त्यासाठी परीक्षेआधी बॅच बदलून द्यावी लागली तरी चालेल. चौकशी चालू असताना असे अंतरिम बदल करता येतात.

अर्धविराम
मॅडम, अर्ज दिल्यावर बॅच बदलणार. पण बॅच एकच आहे म्हणूनच ती अर्ज देत नाहीये!

काळा कोट
मुदतीवर भांडण्याआधी मुदत वाचा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम ९ आणि यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१५ चे नियम, दोन्हींत तीन महिने मोजायचे ते घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. शिवाय कारण पटलं तर ते लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. ऑगस्टअखेर ते जानेवारी, म्हणजे पाच महिने. अर्ज सहाच्या आत होता. समितीने निदान विचारायला हवं होतं की बाई, उशीर का झाला?

पण सहाच्या पुढे समितीचेही हात बांधलेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कुलगुरूंविरुद्धची तक्रार मुदतबाह्य ठरवली. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, अर्ज डिसेंबरचा. मधल्या काळात तक्रारदार बाईंना पदावरून काढलं, ही छळाचीच पुढची कडी आहे, हे म्हणणं मान्य झालं नाही. मात्र हा निकाल कुलगुरूंच्या बायोडेटाचा भाग राहील, असं न्यायालयाने सांगितलं.

@रोखठोक, खोट्या तक्रारीसाठी कलम १४ आहेच. फक्त ‘सिद्ध झालं नाही’ म्हणजे ‘खोटं’ नव्हे, हेही त्यातच लिहिलंय.

खोली नंबर नऊ
मी मुलगा आहे. हॉस्टेलवर सीनियरांनी जे केलं ते इथे लिहिणार नाही. २०१३ चा कायदा फक्त स्त्रियांसाठी, पण यूजीसीच्या नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही येतात हे मला अकरा महिन्यांनी कळलं. ऑफिसात गेलो तर छापील फॉर्मवर ‘पीडित महिलेचे नाव’. क्लार्कने पेनाने ‘महिलेचे’ खोडलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी तो घडी करून खिशात घातला आणि परत आलो. तीन महिन्यांत बोलायचं म्हणता? पहिले तीन महिने तर मी त्याला ‘मस्करी’च म्हणत होतो.

खडूफळा
@खोली नंबर नऊ, यावर माझ्याकडे उत्तर नाही.
@काळा कोट, मुदतवाढीचं मला माहीत होतं. पण सहा वर्षांत आम्ही ती एकदाच दिली, आणि तीही त्या मुलीचे वडील वकील होते म्हणून.

रोखठोक
म्हणजे नियम ठीक आहे, राबवणारे कच्चे आहेत. मी तेच म्हणतोय.

पाऊलवाट
नाही, तुम्ही ते म्हणत नव्हतात. असो.

@काळा कोट, आभार. फेब्रुवारी संपायच्या आत अर्ज पुन्हा देतोय, उशिराचं कारण आणि तारखा घालून. त्याचा शेवटचा मेसेज ९ डिसेंबरचा, ‘व्हायवानंतर भेटशील ना’ आणि खाली डोळा मारणारा स्टिकर. ब्लॉक करताना तिने सगळं चॅट डिलीट केलं होतं. ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलीकडे स्क्रीनशॉट आहे. ती देते म्हणाली, मग म्हणाली विचार करून सांगते. पुढच्या सेमलाही ती त्याच्याच ग्रुपमध्ये आहे.