व्रतस्थांनी गाशा गुंडाळावा? मुळीच नाही

भुईगावकर

कालच्या धाग्यात आगाशीकरांनी लिहिलं : "जेज्विट आणि बाकीचे व्रतस्थ ख्रिस्ती संघ आले तेव्हा इथे शाळा नव्हत्या, दवाखाने नव्हते. आता गल्लीगल्लीत आहेत. संघात जायला पोरं तयार नाहीत, मठ ओस पडलेत. शाळा ट्रस्टकडे द्या, जमिनी विका आणि सन्मानाने गाशा गुंडाळा." तिथेच उत्तर लिहायला बसलो, लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आगाशीकर, तुम्ही शाळेलाच मिशन समजून बसलात. जेज्विटांच्या येशूसंघाला मान्यता मिळाली १५४० मध्ये. तेव्हा बाहेरच्या मुलांसाठी शाळा काढायचा विचारही नव्हता. इटलीतल्या मेसिनाची शाळा १५४८ ची, तीही तिथल्या लोकांनी मागितली म्हणून. संघाचे संस्थापक इग्नेशियसना हवी होती ती पाठवाल तिथे उद्या सकाळी निघणारी माणसं. त्यांचे साथीदार फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि दहा वर्षांत चीनच्या दारातल्या एका बेटावर वारले. शाळा हे त्या काळाच्या गरजेला दिलेलं उत्तर होतं. गरज बदलली की उत्तर बदलेल. पण उत्तर बदलणं वेगळं आणि घरी बसणं वेगळं.

संख्येचं म्हणाल तर ते खरंच आहे. १९६५ मध्ये जगभरात ३६ हजार जेज्विट होते, आज १४ हजारांच्या आसपास. पण १७७३ मध्ये खुद्द पोपनीच संघ विसर्जित केला होता, तो १८१४ मध्ये परत उभा राहिला. आकडा घटला म्हणून काम संपलं, हा हिशेब दुकानाला लावा.

गेल्या माघात एका जेज्विट फादरांबरोबर हायवेपलीकडच्या वीटभट्टीवर गेलो होतो. फादरांचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भट्टीवर येतात ती पावसाच्या तोंडावर परत जातात. कच्च्या विटा रचून केलेलं कमरेएवढं खोपट, वर प्लास्टिक. फादर वाकून आत गेले, कापडी पिशवीतून झेरॉक्सची चळत काढली, चष्मा पुसला. एका बाईच्या मुलासाठी जातीचा दाखला हवा होता. आदिवासीचा दाखला काढायचा तर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. तिचा सासरा शाळेत गेलेला नाही, त्याच्या बापाच्या नावावर जमीन नाही, मग कागद येणार कुठून? फादर तासभर विचारत होते : आजा कुठल्या गावचा, कुणाच्या वाडीवर राबायचा, त्या मालकाचं नाव काय, त्याचे वारस आहेत का. त्या तासात धर्माचा विषय एकदाही निघाला नाही.

हे काम संपलंय असं त्या बाईसमोर उभं राहून म्हणाल का?

आगाशीकर

म्हणेन. आणि तुम्हालाही एक विचारेन : भट्टीवर जाणारे फादर किती? एक. तेही चौऱ्याहत्तर वर्षांचे. बाकीचे आणि त्यांचा पैसा कुठे आहे? शहरातल्या शाळांत.

२०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना गरीब मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवायचं बंधन राहिलं नाही. कायद्याने सूट आहे, ठीक. पण ज्यांनी गरिबांसाठी व्रत घेतलंय त्यांनी ती सूट वापरावी का? आमच्या चाळीतल्या रिक्षावाल्याची मुलगी. बाप एका नावाजलेल्या कॉन्व्हेंटच्या खिडकीशी तीन दिवस उभा होता. चौथ्या दिवशी त्याला सांगितलं, फॉर्म संपले. त्याच संध्याकाळी आमच्याच एका नातेवाइकाला फॉर्म मिळाला. मी साक्षीदार आहे. म्हणून म्हणतो, विका. मला मिशनचा राग नाही, मिशनच्या नावाने जे चाललंय त्याचा आहे.

अलिबागचा जुना विद्यार्थी

मी हिंदू, शिकलो फादरांकडेच, म्हणून बोलायचा हक्क समजतो. झेवियरांचं नाव घेतलंत तर पूर्ण घ्या. १५४६ मध्ये त्यांनीच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, मागितलं. ते १५६० मध्ये आलं आणि १८१२ पर्यंत टिकलं. ते 'काळाच्या गरजेला उत्तर' होतं का? आमच्याकडे चौलला आजही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात त्या काळात देव कसे लपवले, कुठे हलवले, हे येतं. तुमच्या फादरांनी दाखले भरावेत, जरूर भरावेत. पण लोक संशयाने का बघतात, ते समजून घ्या.

भुईगावकर

इन्क्विझिशनचं खरं आहे. त्याचं समर्थन मी करत नाही, करणारही नाही. पण त्या पत्राचा जाब भट्टीवरच्या म्हाताऱ्याने किती पिढ्या द्यायचा? १९७५ च्या महासभेत याच संघाने ठरवलं की श्रद्धेची सेवा आणि न्यायासाठीची धडपड एकमेकांपासून तोडता येत नाही. आदिवासींच्या हक्कांसाठी झटणारे जेज्विट फादर स्टॅन स्वामी त्या वाटेने गेले. ८३ व्या वर्षी अटक आणि २०२१ च्या जुलैत कोठडीत असतानाच मृत्यू. पोर्तुगीज राजाची माणसं आणि ही माणसं एकाच तराजूत घालू नका.

रमेदीचा बावा

भुईगावकर एकदम बरोबर. फादर दिब्रिटोंनी हरित वसईची लढाई लढवली नसती तर आज एक बावखल, म्हणजे आपलं जुनं गोड्या पाण्याचं तळं, शिल्लक राहिलं नसतं. जेज्विटांचं हेच तर योगदान!

नंदाखालच्या बाई

दिब्रिटो जेज्विट नव्हते हो. धर्मप्रांतीय होते, म्हणजे बिशपांच्या हाताखालचे, कुठल्या संघाचे नव्हेत. त्यांचं 'सुवार्ता' मासिकही धर्मप्रांताचं. इतकं तरी वसईकराला माहीत असावं.

आता विषय निघालाच आहे तर बोलते. तेहतीस वर्षं व्रतस्थांच्या शाळेत मराठी शिकवलं. सगळे इन्क्विझिशन आणि फॉर्मवर भांडताय, पण खरं मिशन कुठे मेलं ते कुणी लिहीत नाही. जेज्विट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, जन्माने इंग्रज. साष्टीत राहून त्यांनी मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या आणि १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. परका माणूस चाळीस वर्षं आपली भाषा जिभेवर घोळवतो. आणि आज एका शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं म्हणून पोराच्या डायरीत शेरा. तो शेरा मी स्वतः वाचलाय. पोराने पालकांची सही घ्यायला आणला होता, आणि त्याच्या आईला तो वाचता येत नव्हता.

आगाशीकर

बाई, या एका बाबतीत तुमच्याशी सहमत. नाइलाजाने, कारण हा मुद्दा माझ्याच बाजूने जातो.

रमेदीचा बावा

दिब्रिटोंबद्दल चुकलो, मान्य. पण बाई, मराठी वर्ग फादरांनी बंद केले की पालकांनी? आमच्या गावात मराठी माध्यमाच्या पहिलीत शेवटच्या वर्षी किती मुलं होती?

नंदाखालच्या बाई

अकरा. माझाच वर्ग होता तो. पुढच्या जूनमध्ये चार. मग पेंटर आला आणि वर्गावरची 'इयत्ता पहिली अ' ही पाटी पांढऱ्या रंगाने पुसून गेला. मी खुर्ची धरून उभी होते. त्याला वाटलं, रंग उडेल म्हणून धरलीय.

हो, पालकांनीच केलं. पण चालकांनी एकदाही पालकांची सभा घेऊन थांबा म्हटलं नाही. ज्यांच्या शब्दाला गावात वजन होतं ते गप्प राहिले, कारण इंग्रजी वर्गाला फी होती.

रमेदीचा बावा

स्पष्टच विचारतो. तुमची स्वतःची मुलं कुठल्या माध्यमात शिकली?

नंदाखालच्या बाई

मोठा मराठीत. धाकटी इंग्रजीत. मला ते बोचतं. बोचतं म्हणूनच बोलतेय. तुम्हाला काय वाटलं, मी गप्प बसेन?

वेंगुर्लेकरीण

तुमची वसईची मराठी, तुमची वसईची कादोडी बोली. कोकणात तेवढंच आहे का? आमच्या सिंधुदुर्गात घरात मालवणी, कुणाच्या घरी कोंकणी, चर्चमधली मिस्सा कधी कोंकणीत कधी मराठीत. रायगडातल्या कोर्लईत तर पोर्तुगीजवरून आलेली त्यांची स्वतःची बोली आहे. तिच्यासाठी कोण रडतं?

आणि दुसरं. व्रतस्थ म्हटलं की सगळ्यांना फादरच दिसतात. इतक्या प्रतिसादांत एकाही सिस्टरचं नाव नाही. १९८३ च्या आषाढात माझ्या आईला कळा सुरू झाल्या, ओढ्याला पाणी, एसटी बंद. दोन सिस्टर दवाखान्यातून चालत आल्या. एकीच्या डोक्यावर इरलं, दुसरीच्या हातात उकळलेल्या कात्रीचा डबा, छातीशी धरलेला. त्या डब्याचं झाकण सुतळीने बांधलेलं होतं, हे आई अजून सांगते. ती सिस्टर केरळची होती आणि "बाय, भिया नको" एवढं मालवणी शिकून आली होती. तो दवाखाना आता बंद आहे, कारण सिस्टर म्हाताऱ्या झाल्या आणि नवीन कुणी येत नाही. तालुक्याला डॉक्टर आहेत. रात्री चालत येणारं कुणी नाही. आगाशीकर, तुमच्या गल्लीगल्लीतल्या दवाखान्यांत हे मिळतं का?

आगाशीकर

नाही मिळत. मान्य. दवाखान्यांबद्दल मी घाईने लिहिलं. शाळांबद्दल नाही.

भुईगावकर

धागा भाषेकडे गेला, तो परत आणा ही विनंती. मी विचारलं होतं काम संपलं का, माध्यम कुठलं असावं हे नव्हे.

नंदाखालच्या बाई

तुम्हाला दोन वेगळे विषय वाटतात, हीच तर अडचण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. माझी आजी रडली होती, तिला वाटलं देवाला आता ऐकू जाणार नाही. वर्षभराने तीच म्हणाली, पन्नास वर्षं मी काय म्हणत होते ते मला आज कळलं. आता तिच्या पणतवंडांना मराठी मिस्सा कळत नाही म्हणून इंग्रजी मिस्सा मागतात. ज्या भाषेत भट्टीवरची बाई रडते ती न येणारा फादर तिच्या खोपटात जाऊन काय करणार?

परतलेला

बरेच दिवस नुसतं वाचतो, आज लिहितो. मी दोन वर्षं जेज्विट नवशिष्य, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा शिकाऊ, होतो. पहिली व्रतं घ्यायच्या आधी निघालो. कारण खासगी आहे, कुणावर राग नाही.

बाई म्हणतात ते मी भोगलंय. नवशिष्यांना तीस दिवसांची मौन साधना असते आणि एक यात्राही असते : खिशात पैसे नाहीत, मागून खायचं, मिळेल तिथे झोपायचं. मला माणगावहून किनाऱ्याकडे चालायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीवर्धनच्या अलीकडे एका घराच्या पडवीशी उभा राहिलो. शाळा पूर्ण इंग्रजी, घरात इंग्रजी. मला भाकरी मागायचे शब्द सुचेनात. 'मला भूक आहे' असं काहीतरी म्हणालो. आतून एक मुसलमान चाची आल्या, दोन क्षण बघितलं, आणि म्हणाल्या, "भूक लागलीय म्हण रं. आणि बस." तांदळाची भाकरी, सोड्याचं कालवण. मी कोण, कशाला फिरतोय, हे जेवण होईपर्यंत त्यांनी विचारलं नाही.

त्या दिवशी मला संघाचं काम कळलं. देणाऱ्याच्या बाजूला बसायची सवय आपल्याला शाळा-कॉलेजांनी लागली. मागणाऱ्याच्या बाजूला उभं राहणं हे मूळ काम आहे. ते करणारे पाच जण उरले तरी चालतील. म्हणून भुईगावकरांशी सहमत आणि आगाशीकरांशीही अर्धा सहमत : श्रीमंतांच्या शाळा सोडाव्यात. जमिनी मात्र विकू नयेत. वसईत मिशनची जमीन विकली तर तिथे टॉवर होईल आणि आत असलेलं बावखल बुजेल.

आगाशीकर

जमीन विका हे मागे घेतो. बावखलाचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आणि माझ्या आज्याने स्वतः एक खणलेलं होतं, तेव्हा ते यायला हवं होतं. पण रिक्षावाल्याच्या मुलीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. २५ टक्के जागा कायदा सांगत नसला तरी व्रत सांगतं. जोपर्यंत तुमचे फादर स्वतःहून त्या देत नाहीत तोपर्यंत मी बोलत राहणार.

भुईगावकर

त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही या बाबतीत बरोबर आहात, हे लिहायला मला जड जातंय. पुढच्या आठवड्यात त्याच फादरांना हा धागा छापून देणार आहे, तुमच्या प्रतिसादासकट.

भट्टीवरच्या त्या बाईचं पुढे काय झालं असं एकाने व्यक्तिगत निरोपात विचारलं. वाडीमालकाचे वारस सापडले. त्यांच्याकडे जुन्या कुळांच्या नोंदींचं एक बाड आहे, पण ते वाचता येत नाही म्हणून पडून आहे.

नंदाखालच्या बाई

वाचता येत नाही म्हणजे? मोडीत आहे का?

भुईगावकर

बहुतेक. फादरांना मोडी येत नाही, मलाही नाही.

नंदाखालच्या बाई

मला येते. शनिवारी मोकळी आहे. बाड घरी आणू नका, पानं सुटतात. मीच येते, कुठे उतरायचं ते कळवा.