जीव कोणता, हेही विचारा

पीएचडीला प्रवेश घेण्याआधी काय विचारावं, यावर ‘गाईडच्या जुन्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली ते बघा’ असा सल्ला देतात, तो अगदी योग्य. पण ‘विषय आवडीचा असला की पीएचडी वेळेत होते’ असंही म्हणतात, ते मला पटत नाही. जीवशास्त्रात बराचसा वेळ ठरतो तो तुम्ही ज्या जीवावर काम करता त्यावर. ई. कोलाय हा जीवाणू चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, यीस्टला साधारण दीड तास लागतो. फळमाशीची एक पिढी २५ अंश तापमानात १० दिवसांत पुरी होते. अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपट्याला बी ते बी ६ ते ८ आठवडे लागतात. उंदरांत गर्भकाळच जवळपास २० दिवसांचा, वर पिल्लं वयात यायला आणखी ६ ते ८ आठवडे.

माझं काम उंदरांवर होतं. दोन वेगवेगळी जनुकं निकामी असलेली पिल्लं हवी होती. मेंडेलच्या हिशोबाने दुसऱ्या पिढीत अशी १६ पैकी १ मिळते, आणि एका वेतात पिल्लं ६-८. पहिलं वर्ष संकर आणि जीनोटायपिंग (कोणत्या पिल्लात कोणती जनुकं आहेत ते तपासणं) यातच गेलं, आलेखावर टाकायला एक बिंदू नव्हता. त्या वर्षी मी फार खचले होते. यीस्टवर काम करणाऱ्या मैत्रिणीचं असंच काम काही आठवड्यांत झालं होतं. म्हणून प्रवेशाआधी हे नक्की विचारा: लागणारे म्युटंट (जनुकात बदल असलेले जीव) प्रयोगशाळेत आधीपासून आहेत, की ते तुम्हीच तयार करायचे आहेत?