किनाऱ्यावरची कायम ठेव सातपुड्यात चालेल का?

अनेरकाठ, चोपडा:
समुद्र आपल्यापासून लांब, तरी सुरुवात तिथूनच करतो. किनाऱ्यावरची संरक्षित क्षेत्रं गावाने सांभाळायची तर पैसा कुठून आणि किती वर्षं, यावर तिकडे चाळीस वर्षं डोकं लावून झालंय. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाचं सागरी उद्यान १९७९ मध्ये देणगीवर सुरू झालं. देणगी आटली आणि पुढची काही वर्षं उद्यान नुसतं कागदावर उरलं. १९९१ मध्ये ते पुन्हा उभं केलं आणि १९९२ पासून डायव्हिंग करणाऱ्या प्रत्येकाकडून वर्षाला १० डॉलर घ्यायला लागले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशाने २००३ मध्ये संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्याचा कायदा केला, २००९ पासून पर्यटकांकडून हरित शुल्क सुरू केलं आणि तो पैसा स्वतंत्र निधीतून तिथल्या छोट्या छोट्या राज्यांना जातो.

आता आपल्याकडे बघा. यावल अभयारण्याच्या कडेची गावं, शिरपूरचा डोंगरपट्टा, धडगाव, अक्कलकुवा, साक्रीचा पश्चिम भाग. सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल सांभाळायचा आणि वापरायचा कायदेशीर हक्क मिळालेली गावं आहेत, त्यांच्या समित्या आहेत, आराखडेही आहेत. आराखडा लिहायला पैसे मिळतात, राबवायला मिळत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की समित्यांनी मिळून एक कायम ठेव उभारावी. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर जंगलाची राखण. ४० गावं धरा, गावाला वर्षाला ५ लाख. विरोध करा, पण आकड्यांसकट करा.

हिशेबनीस, जळगाव:
आकडे मागितलेत, तर घ्या. तीन राखणदार, दरमहा १० हजार, म्हणजे ३ लाख ६० हजार. उरलेल्या १ लाख ४० हजारात जाळरेषेची (वणवा अडवायला आधीच जाळून साफ केलेल्या पट्ट्याची) मजुरी, रोपवाटिका, टॉर्च-बूट, बैठका आणि हिशेब तपासणी. यात चैन काहीच नाही.

व्याज ७ टक्के धरलं तर गावामागे साधारण ७१ लाख ठेव लागेल, ४० गावांना साडेअठ्ठावीस कोटी. जमेल असं वाटतं, पण ते फसवं आहे. महागाई ५ टक्के धरली तर चौदा वर्षांत त्या ५ लाखांची किंमत निम्म्यावर येते. ठेव खरोखर कायमची हवी असेल तर ७ मधले ५ टक्के परत मुद्दलात घालायचे आणि २ टक्केच खर्चायचे. मग गावामागे अडीच कोटी लागतात. ४० गावांना १०० कोटी!

परत मुद्दलात घालायलाही आयकर आडवा येतो. धर्मादाय संस्थेला करमाफी हवी तर उत्पन्नातला ८५ टक्के भाग खर्च दाखवावा लागतो. त्याहून जास्त मागे ठेवायचं तर नेमक्या कामाचं नाव देऊन, पाच वर्षांच्या मुदतीवर. ‘महागाईशी बरोबरी’ हे काम त्या फॉर्ममध्ये कसं लिहायचं, ते तुमच्या सीएला विचारून बघा.

आणि देणार कोण? सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने करायचा सामाजिक खर्च म्हणाल, तर २०२१ पासून संस्थेच्या कायम निधीत टाकलेली रक्कम सीएसआर खर्चात धरत नाहीत. चालू प्रकल्प म्हणून दिली तर सुरुवातीचं वर्ष सोडून तीनच वर्षं.

धडगावची:
किती पैसा हा प्रश्न नंतरचा. मोठी ठेव आली की वेगळी संस्था आली, संस्था आली की विश्वस्त आले, आणि विश्वस्त धडगावचे नसणार हे आत्ताच सांगते. वनहक्क कायद्याने जंगलाचा कारभार ग्रामसभेला दिलाय. तिने स्वतःच्याच राखणदाराच्या पगारासाठी दुसऱ्याच्या दारात प्रस्ताव घेऊन का उभं राहायचं?

परदेशी पैशाचं तर नावच काढू नका. कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणारी संस्था ती रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळती करू शकत नाही. म्हणजे बूट संस्थाच घेणार, पगार संस्थाच वाटणार. मग राखणदार कोणाचा माणूस झाला? पलाऊत निधीतून राज्याला पैसा जाऊ शकतो, कारण तिथलं राज्य हे कायद्याने सरकार आहे. आपल्या समितीने खातं उघडायला गेलं तर ‘नोंदणी कोणत्या कायद्याखाली’ इथेच काउंटरवर गाडी अडते. ग्रामसभेच्या नावाचं पॅन नसेल तर ठेवीच्या व्याजावर १० ऐवजी २० टक्के टीडीएस कापतात, तो वेगळाच.

साक्रीकर:
पैसा कोना हातमा जाई, ते पहिले सांगा. बाकीनं मंग.

आमच्या साक्रीतल्या बारीपाड्याने १९९० च्या दशकात जंगल राखायला घेतलं तेव्हा ठेव कुठे होती? कुऱ्हाडबंदी होती, चराईबंदी होती, दंड होता. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती काही निधी उभारला म्हणून नाही. जिथे पाळीने राखण चालते तिथे तिघांना पगार सुरू केला की बाकीचे म्हणतात, पगारवाले बघतील. आणि एक वर्ष पगार अडकला की पगारवालाही घरी, आणि पाळीही मोडलेली. ठेव करायच्या आधी हे नुकसान कुठल्या रकान्यात धरणार, तेवढं सांगा.

अनेरकाठ, चोपडा:
आप्पा, बारीपाडा मान्य. पण तसा माणूस प्रत्येक पाड्यात निपजेल यावर धोरण बेतता येत नाही. आणि पाळीचं म्हणाल तर वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून. त्याच काळात नंदुरबारच्या डोंगरातली निम्मी तरणी माणसं ऊसतोडीला गुजरातेत असतात. पाळी लावायची कोणाची, म्हाताऱ्यांची? पगार पाळी मोडतो हे खरं. पण जिथे पाळी आधीच मोडली आहे तिथे काय करायचं, यावर तुम्ही बोलला नाहीत.

केळीवाला, रावेर:
सगळे व्याजातच अडकलात. समुद्राकडून शिकायचं ते दुसरंच आहे. तिकडे गस्तीला बोट मिळते, डिझेल मिळत नाही. देणाऱ्याला फोटोत दिसेल अशी वस्तू हवी असते. बोटीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन खाऱ्या पाण्यातून आलं की दर वेळी गोड्या पाण्याने धुवावं लागतं. खाली लावलेले जस्ताचे तुकडे झिजले की बदलावे लागतात, कारण ते झिजतात म्हणून बाकीचं धातू वाचतं. पाणी चढवणारा रबराचा इम्पेलर वेळेवर बदलला नाही तर इंजिन तापून जाम. वस्तू सगळ्या किरकोळ, पण त्यांचा रकाना कोणाच्याच मंजुरीत नसतो, आणि त्यांच्यापायी लाखांची बोट वाळूत पडते.

कोकणात कांदळवनाच्या गावांसाठी २०१७ ची उपजीविका योजना आहे. गटाला ९० टक्के अनुदान, गटाचे १० टक्के. खेकडे, कालवं, पिंजऱ्यातले मासे, असं बरंच काही. योजना चांगली आहे, गटाचे १० टक्के घातले हे तर फारच चांगलं. पण खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी. पिल्लं आणि खाद्य तेव्हा विक्रीतून काढायचं, आणि एका उधाणात कुंपणाची जाळी फाटली की विक्रीच नाही.

इकडे वणव्याला पाला उडवायचे ब्लोअर मिळतात, पेट्रोल आणि दुरुस्ती समितीने बघायची. केळीची टिश्यूची रोपं फुकट द्यायची आणि ठिबकला विजेची जोडणीच नाही, तसलाच प्रकार. त्यामुळे ठेव असो की नसो, पहिली अट ही घाला: वस्तू देणाऱ्याने पाच वर्षांची देखभाल सोबत द्यावी, नाहीतर वस्तू घ्यायचीच नाही.

आणि तोरणमाळला पलाऊसारखं शुल्क लावा असं कोणी म्हणायच्या आत सांगतो. पलाऊने २०१८ मध्ये ते शुल्क १०० डॉलर करून विमानाच्या तिकिटातच घातलं. २०२० मध्ये विमानंच बंद झाली. शुल्कावर राखणदाराचा पगार चालवायचा तर निदान एका वर्षाचा पगार बाजूला बांधून ठेवलेला हवा.

हिशेबनीस, जळगाव:
रावेरकरांची अट योग्य. आता मधला रस्ता मांडतो. किनाऱ्यावरच्या निधींतही सगळे कायमचे नसतात. काही मुद्दाम ठराविक वर्षांत संपवायचे असतात. तसा १० वर्षांत संपणारा निधी धरू. पहिल्या वर्षी ५ लाख, दरवर्षी ५ टक्के वाढ, दहाव्या वर्षी पावणेआठ लाख. व्याज तेच ७ टक्के. आज गावामागे ४६ लाख लागतात, अडीच कोटी नाही. त्यात ग्रामसभेने दुसऱ्या वर्षापासून खर्चाचा दहावा भाग उचलला, तिसऱ्या वर्षी दोन भाग, असं करत दहाव्या वर्षी नऊ भाग, तर ४६ चे २६ लाखांवर येतात. पाच गावांपासून सुरुवात केली तर १ कोटी ३० लाख. ही रक्कम खान्देशातून जमू शकते. १०० कोटींची नुसती चर्चा जमेल.

ठेवी अशा ठेवायच्या: पहिल्या वर्षाचे पैसे बचत खात्यात, बाकी नऊ वर्षांच्या नऊ वेगळ्या मुदत ठेवी, आणि प्रत्येकीची मुदत १५ जानेवारीला संपेल अशी. जाळरेषा फेब्रुवारीच्या मध्याआधी झाल्या पाहिजेत. सरकारी पैसा मार्चअखेरीस येतो, तोवर डोंगर काळा झालेला असतो. आजवर पैसा किती आला यापेक्षा कधी आला यानेच जास्त वाट लावली आहे.

ठेव पतसंस्थेत नको. जादा अर्धा-एक टक्का देऊ म्हणतील. पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विमा नाही. बँकेतही विम्याचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंतच. पतसंस्था बुडताना पाहिलेल्या जळगाव जिल्ह्याला हे समजावून सांगायची गरज नसावी.

धडगावची:
हे जरा बोलण्यासारखं झालं. संस्था नको, प्रत्येक ग्रामसभेच्या कोषात तिचे २६ लाख, सही समितीच्या दोघांची आणि त्यातली एक बाईची. हिशेब दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवायचा. संस्थेने फक्त हिशेब शिकवायला यावं.

तरी माझा मूळ विरोध आहेच. ग्रामसभा दहाव्या वर्षी नऊ भाग कुठून आणणार, हे तुमच्या गणितात नाही. राखणीला पैसा देण्याआधी कमाईला द्या. मोहफुलं घ्या. मार्च-एप्रिलमध्ये फुलं वेचली की घरात रोख हवी असते, म्हणून बाया त्याच आठवड्यात व्यापाऱ्याला पडेल भावात देऊन मोकळ्या होतात. समितीने तिथल्या तिथे रोख दिली, फुलं कडक वाळवून कोरड्या गोदामात ठेवली आणि पावसाळ्यात काढली तर भाव वेगळा मिळतो. नीट वाळली नाहीत तर बुरशी येते आणि पोतंच्या पोतं जातं, म्हणून फुलं खरेदी करताना मूठ दाबून बघणारी जाणती बाई काट्यापाशी हवी. किलोला ४० रुपये धरले तर १० टनांना ४ लाख खेळतं भांडवल. हे पैसे संपत नाहीत, फिरतात. वाहतूक परवाना वनहक्काच्या २०१२ च्या नियमांनी समितीच देऊ शकते, त्याला कोणाच्या पाया पडायला नको.

केळीवाला, रावेर:
फिरतं भांडवल फिरेल तोवर ठीक. उधारीवर दिलं की ते गावातच अडकतं. समितीने खरेदीलाच वापरायचं, घरगुती कर्जाला एक रुपया नाही, हे ठरावात लिहून घ्या.

साक्रीकर:
ताई, मोहाचं बरोबर, पण वणवा लागतो तो मोहाखालूनच ना? फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, वारा सुटला की आग डोंगरावर. तुमचं भांडवल जितकं वाढेल तितकी वेचणी वाढेल आणि तितक्या काड्या ओढल्या जातील. मग हिशेबनिसांचे तीन राखणदार तीच आग विझवत फिरणार. एका खिशातून आग लावायची, दुसऱ्या खिशातून विझवायची.

धडगावची:
आग फुलांमुळे लागत नाही, जाळी नाही म्हणून लागते. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या की पाला पेटवायचं कारणच उरत नाही. फुलाला माती लागत नाही, भावही बरा मिळतो.

साक्रीकर:
मोठ्या झाडाखाली १०० चौरस मीटर तरी जाळी लागेल. एका घराची दहा-बारा झाडं. फुलं पडायचा काळ सगळ्यांचा एकच, म्हणजे आळीपाळीने वापरायचीही सोय नाही. याचा खर्च धरला का कोणी?

हिशेबनीस, जळगाव:
नाही धरला. पण जाळी एकदाच्या खर्चातली आहे आणि फोटोत दिसते, म्हणजे सीएसआरच्या तीन वर्षांत बसते. रावेरकरांच्या अटीप्रमाणे फाटलेली जाळी बदलायचा खर्चही त्याच मंजुरीत मागायचा. पाच गावांत कोणत्या घराची किती मोहाची झाडं, ती यादी आधी करा. वेचणीचे हक्क कोणाचे कोणत्या झाडावर, हे गावाला पाठ असतं, पण कागदावर कुठेच नाही. यादी आली की जाळीचा आकडा काढून देतो.

अनेरकाठ, चोपडा:
चोपड्याकडच्या दोन गावांची यादी होळीआधी करता येईल. धडगावची कोण करतंय?