सप्लाय बेस जयगडला न्या म्हणे! आधी बॅराइट (ड्रिलिंगचा चिखल जड करायची भुकटी) कुठून येतो ते बघा

गाळातला_बोया:
कालच्या धाग्यावर एका महाशयांनी ठणकावून सांगितलं: मुंबई हाय तेलक्षेत्र म्हातारं झालं, पुढचं तेल कोकणासमोरच्या खोल पाण्यात, उरणजवळचं न्हावा गाळात रुतलेलं, तेव्हा तिथला सप्लाय बेस (रिगला माल पोचवणाऱ्या बोटींचा तळ) रत्नागिरीतल्या जयगडला हलवा, तिथे केपसाइज (प्रचंड मालवाहू) जहाज लागतं. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

अहो, सप्लाय बोटीला पाणी लागतं पाच-सहा मीटर. केपसाइजचं कौतुक कोळशाला. बोटीला हवेत धक्क्यालगत बॅराइट-सिमेंटचे सायलो, डिझेल, ड्रिल वॉटर, केसिंग (विहिरीचे अस्तर-पाइप) पसरायला यार्ड आणि वेळेवर क्रेन. न्हाव्याहून मुंबई हाय साधारण 95 सागरी मैल, म्हणजे दहा नॉटने साडेनऊ तास. जयगडहून तेच 160च्या वर. एका फेरीला जाऊन-येऊन 13 तास फुकट.

आणि 'रत्ना' नावावरून ते तेलक्षेत्र रत्नागिरीच्या दारात आहे असं वाटत असेल तर नकाशा उघडा. मुंबईच्या नैऋत्येला सुमारे 130 किलोमीटर. रत्ना आणि आर-सिरीज 1996ला खासगी गटाला द्यायचं ठरलं, करार झालाच नाही, 2016ला ओएनजीसीकडे परत. बंदरावाचून अडलं नव्हतं!

खोलपाणी:
ते महाशय मीच. तुम्ही जॅक-अपच्या (उथळ पाण्यात तळावर पाय टेकवणाऱ्या रिगच्या) डोक्याने हिशेब करताय. मुंबई हायला 75 मीटर पाणी. 2,000 मीटरात ड्रिलशिप लावली तर 21 इंची राइझर (समुद्रतळापासून जहाजापर्यंतचा पाइप), आतून साडेएकोणीस, नुसता भरायला 385 घनमीटर मड, म्हणजे ड्रिलिंगचा चिखल. विहिरीतलं वेगळं, टाक्यांतलं राखीव वेगळं. खाली लॉस सुरू झाला, म्हणजे मड खडकाच्या भेगांत जिरू लागलं, तर ते राखीव बघता बघता संपतं आणि पुढची बोट अजून वाटेत. म्हणून किनाऱ्यावर लिक्विड मड प्लांट आणि मोकळा धक्का हवा. न्हाव्याशेजारच्या जेएनपीए बंदराची कंटेनर जहाजं पुढे काढेपर्यंत थांबणं परवडत नाही.

थर_वाचक:
दोघेही बोटीवर चढलात. विहीर कुठाय? केरळ-कोकण खोरं तिसऱ्या श्रेणीत आहे, व्यापारी साठा एकही हाती नाही. दख्खनचा बसाल्ट समुद्राखालीही पसरलाय. लाव्ह्याच्या थरांवर साइझ्मिकची (ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणाची) ऊर्जा वरच उधळते, खालच्या गाळखडकातून परत येतं ते पुसट. लांब स्ट्रीमर (जहाजामागे ओढायची ध्वनिग्राहक केबल) आणि कमी फ्रिक्वेन्सी लावून चित्र सुधारतं, पण विहिरीची जागा छातीठोक सांगण्याइतकं नाही. शिवाय बसाल्टात ड्रिलिंग रेंगाळतं, बिट झिजतात, ते बदलायला पाइप वर काढून पुन्हा सोडायच्या ट्रिप वाढतात. आंध्रातल्या काकिनाडा बंदराचा दाखला देणार असाल तर क्रम बघा: त्याच्यासमोरच्या खोल पाण्यातल्या डी6 गॅसक्षेत्राचा शोध 2002, गॅस 2009.

खोलपाणी:
आणि काकिनाड्याचं खोल बंदर शोधाच्याही आधीचं. क्रम तुम्हीच बघा.

गाळातला_बोया:
शीर्षकातला प्रश्न सगळ्यांनी सोयीने गिळला. बॅराइट येतो मंगमपेटहून, आंध्रात कडप्याकडून. जयगडला ट्रकने आणायचा तर कोल्हापूरवरून आंबा घाट. जुलैत.

मॉन्सून_मेट:
घाट राहू द्या, खरी बोंब होजमध्ये होते. सायलोतून बोटीत बॅराइट ढकलला जातो दाबाच्या हवेने. एअर ड्रायर झोपला की पावसाळी हवेतलं पाणी लाइनमध्ये, बॅराइटचा गोळा, आणि तो अडकतो नेमका वळणावर. माल सोडण्याआधी लाइन कोरड्या हवेने झाडायची, काम झाल्यावर पुन्हा झाडायची. दुसरी पायरी हमखास गाळली जाते.

गाळातला_बोया:
ड्रायर न्हाव्यालाही लागतो. विषय बंदराचा आहे.

मॉन्सून_मेट:
विषय तुम्हीच बॅराइटवर आणलात. पूर्ण करू द्या. बोटीच्या टाकीत हेलकाव्यांनी तो दबून बसतो. रिगवर चढवण्याआधी खालून हवा सोडून फुलवावा लागतो. कंटाळा करून नुसता दाब वाढवला की हवा मधूनच भोक पाडून निघून जाते, माल जागच्या जागी. जितका प्रवास लांब तितका जास्त दबणार. हा मुद्दा बोयासाहेबांच्या बाजूचा आहे, नाइलाजाने.

खोलपाणी:
म्हणजे नऊ तासांत बसत नाही आणि सोळा तासांत बसतो? बॅराइटला घड्याळ कळतं का? फुलवायचा दोन्हीकडे आहेच. होजचंच सांगायचं तर मोठा घात सिमेंटचा. त्याच होजमधून आधी सिमेंट गेलेलं, न झाडता बॅराइट घेतला, ते मडमध्ये उतरलं. पीएच आणि कॅल्शियम वर, बेंटोनाइटच्या (मडमधल्या मातीच्या) गुठळ्या, मड दह्यासारखं घट्ट. मग टाका खाण्याच्या सोड्याची पोती. ही चूक कुठल्याही बंदरात होते.

मॉन्सून_मेट:
होज वेगळे रंगवून ठेवणं एवढं अवघड आहे का?

जाळीवाला:
तुमच्या होजच्या भांडणात मच्छीमार कुठे आहे? प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटर बंदी, ती कळते. 1 जून ते 31 जुलै आमच्या होड्या किनाऱ्यावर, तेही कळतं. पण सप्लाय बोटी बारा महिने धावणार, आणि ठरलेला मार्ग नसेल तर रात्री जाळ्यांवरूनच जाणार. बेस कुठेही न्या, आधी मार्गिका आखून बंदरात आणि सोसायट्यांत नकाशा लावा.

थर_वाचक:
या धाग्यात आज लगेच करण्यासारखं एवढंच निघालंय.

गाळातला_बोया:
मार्गिका मान्य. 385चा आकडाही गुणून पाहिला, दुर्दैवाने बरोबर येतो. तेव्हा खोलपाणींच्या समाधानासाठी: खरंच विहीर ठरली तर तिच्यापुरता तात्पुरता मड प्लांट जयगडला टाका, चार टाक्या भाड्याने. बेस न्हाव्यातच.

खोलपाणी:
म्हणजे मी म्हणत होतो तेच.

गाळातला_बोया:
तुम्ही 'हलवा' म्हणालात. 'तात्पुरता' हा शब्द माझा.

मॉन्सून_मेट:
टाक्या भाड्याने घ्याल तर ढवळणी चालू आहे ना ते बघून घ्या. नाहीतर सगळा बॅराइट तळाशी.