अनुभव धागा : दक्षिणेतील बागा, नातवंडे आणि आजी-आजोबा

भारतातून आई-वडील येतात ते बहुधा उन्हाळ्यात, आणि टेक्सास-जॉर्जियाकडच्या उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडवत नाही. सहा वर्षांचे मूल आणि सत्तरीतले गुडघे या दोघांनाही दोन-तीन तास रमवील अशी आपल्या शहरातील सार्वजनिक बाग कोणती आणि तेथे केव्हा जावे, हे स्वानुभवावरून लिहावे. थीम पार्क नकोत.

ह्यूस्टन : हर्मन पार्क ४४५ एकरांचे आहे, त्यामुळे ते एका फेरीत पाहण्याचा हट्ट धरू नये. सकाळच्या पहिल्या छोट्या आगगाडीने चक्कर मारावी (सासऱ्यांच्या मते माथेरानची गाडी अधिक रुबाबदार), तळ्याकाठी सावलीत बसावे आणि ऊन चढताच परतावे. संध्याकाळी मात्र बफेलो बायू पार्क गाठावे. वॉ ड्राइव्हच्या पुलाखालून अंधार पडताना लाखो वटवाघळे बाहेर पडतात. तेथील उग्र वासाने सासूबाईंनी आधी नाकाला पदर लावला. थवे निघाल्यावर मात्र त्यांनाच तेथून हलवणे कठीण झाले. ऑस्टिनची वटवाघळे हिवाळ्यात मेक्सिकोकडे जातात, येथील बरीचशी बाराही महिने राहतात, म्हणून दिवाळीनंतर येणाऱ्या पाहुण्यांनीही निराश होऊ नये.

ऑस्टिन : झिल्कर पार्कमधील बार्टन स्प्रिंग्स हा झऱ्याच्या पाण्याचा तलाव वर्षभर साधारण २० ते २१ अंश सेल्सिअस राहतो. गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले माझे वडील उतरले ते तासभर वर आले नाहीत. मुलगा मात्र गारठून दहा मिनिटांत काठावर बसला. तळ निसरडा आहे. तलावाच्या आवारात खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे थालीपिठांचा डबा बाहेरच्या हिरवळीवर उघडावा. गुरुवारी तलाव साफसफाईसाठी बराच वेळ बंद असतो, हे आम्हांला दारात पोहोचल्यावर कळले.

डॅलस : सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या वडिलांना बागांचे वावडे होते, क्लाइड वॉरन पार्क हे खाली गेलेल्या महामार्गावर छत टाकून त्यावर उभारले आहे, हे ऐकताच ते स्वतःहून निघाले. काँक्रीटच्या तुळयांच्या गटांमध्ये खोल चर ठेवून त्यांत झाडांच्या मुळांसाठी माती भरली आहे. नात पाण्यात खेळत असताना आजोबा तासभर कडेला उभे राहून पायाखाली शिरणाऱ्या गाड्या पाहत होते. २०१२ साली खुल्या झालेल्या या बागेतली सावली अजून जुन्या उद्यानांसारखी दाट नाही. शक्यतो संध्याकाळीच जावे. खाण्याच्या गाड्यांमुळे जेवणाचीही सोय होते.

अटलांटा : सेंटेनियल ऑलिम्पिक पार्कमधील पाच वर्तुळांच्या कारंज्यात मुले भिजतातच, तेव्हा कोरडे कपडे जवळ ठेवावेत. आजी-आजोबांसाठी पीडमॉन्ट पार्कचे तळेच बरे.

सॅन अँटोनियो : जुन्या चुनखडीच्या खाणीत वसवलेली जपानी टी गार्डन विनामूल्य आणि अतिशय रम्य आहे. परंतु दगडी पायऱ्या उंचसखल आहेत. आईने वरच्या मंडपातूनच धबधबा पाहिला, आणि खाली उतरलेल्या आम्हा सर्वांना तेथूनच पाणी पिण्याची आठवण करत राहिली.